ग्रंथाकडून पडद्याकडे : 'टेलेरियम' या अल्पायुषी प्रकाशनमुद्रेतील रूपांतराचे प्रश्न

१

साहित्यकृतीचे माध्यमांतर हा तौलनिक साहित्याभ्यासातील रुळलेला विषय आहे. कादंबरीवरून नाटक, नाटकावरून चित्रपट, चित्रपटावरून दूरचित्रवाणी मालिका अशा प्रवासांची चिकित्सा करण्यासाठी लागणारी परिभाषा अभ्यासकांपाशी आहे. मात्र या सर्व प्रवासांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मूळ कृतीचा वाचक आणि रूपांतरित कृतीचा प्रेक्षक हे दोघेही कथानकाच्या बाहेर उभे असतात. कथानक त्यांच्यासमोर घडते, त्यांच्याकडून घडत नाही. हे गृहीतक जिथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर मोडले, ते क्षेत्र म्हणजे संगणकावरील कथात्म खेळांचे. लिंडा हचन यांनी २००६ मधील आपल्या रूपांतरविषयक ग्रंथात कथन, दर्शन आणि परस्परक्रिया असे सहभागाचे तीन प्रकार मानले आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंवर विपुल लेखन झाले आहे. तिसऱ्याचा आरंभीचा इतिहास मात्र बव्हंशी खेळांच्या इतिहासकारांवरच सोपवला गेला.

या इतिहासातील एक लहानसे प्रकरण प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील 'स्पिनेकर सॉफ्टवेअर' या संस्थेने १९८४ मध्ये 'ट्रिलियम' नावाची प्रकाशनमुद्रा सुरू केली. नावाच्या हक्कावरून अडचण उद्भवल्याने तिचे नाव पुढे 'टेलेरियम' असे ठेवण्यात आले आणि १९८७ पर्यंत तिचे काम थांबले. प्रसिद्ध लेखकांच्या विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि रहस्यकथा यांवर आधारित चित्रयुक्त कथात्म खेळ काढणे एवढाच तिचा व्यवसाय होता. १९८४ मध्ये पाच आणि १९८५ मध्ये दोन खेळ तिने काढले. एक खेळ मुद्रा बंद झाल्यावर १९८९ मध्ये मूळ संस्थेच्या नावाने निघाला. संख्येच्या दृष्टीने हा संसार तुटपुंजा आहे. तथापि एवढ्या थोड्या कृतींत रूपांतराच्या इतक्या भिन्न रीती एकत्र आढळतात, की साहित्याच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

टेलेरियमच्या अपयशाची कारणे सामान्यतः तंत्र आणि बाजार यांत शोधली जातात. ती खोटी नाहीत, अपुरी मात्र आहेत. या मुद्रेपुढील खरी अडचण वाङ्मयीन होती. ज्या वाचकाने मूळ पुस्तक वाचले आहे, त्याच्यासाठी कोडे उरत नाही. ज्याने वाचलेले नाही, त्याच्यासाठी लेखकाच्या नावाला अर्थ उरत नाही. या पेचातून सुटण्यासाठी जे मार्ग काढण्यात आले, त्यांचे मूल्यमापन करणे हे येथील प्रयोजन आहे.

२

ज्या परिस्थितीत ही मुद्रा जन्मली ती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. शब्दांनी खेळावयाच्या कथात्म खेळांची परंपरा १९७६ मध्ये विल क्राउदर यांनी रचलेल्या आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी वाढवलेल्या 'अ‍ॅडव्हेंचर' या गुहाशोधाच्या खेळापासून सुरू होते. खेळणारा लहानशी आज्ञा टंकित करतो, संगणक तिचा परिणाम गद्यात सांगतो, अशी त्याची रचना होती. 'झॉर्क' हा खेळ रचणाऱ्या मंडळींनी १९७९ मध्ये इन्फोकॉम ही संस्था स्थापली आणि घरगुती संगणकांवर या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. दुसरीकडे रॉबर्टा आणि केन विल्यम्स यांच्या 'मिस्टरी हाउस' या १९८० मधील खेळाने शब्दांना चित्रांची जोड दिली.

१९८४ च्या सुमारास ग्रंथव्यवसायाला या प्रकाराची ओढ वाटू लागली. त्या वर्षी डग्लस अ‍ॅडम्स यांनी स्टीव्ह मेरेत्स्की यांच्यासह आपल्या 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी'चा खेळ इन्फोकॉमसाठी रचला. पुढे अमेरिकेचे राजकवी झालेले रॉबर्ट पिन्स्की यांनी 'माइंडव्हील' ही 'इलेक्ट्रॉनिक कादंबरी' लिहिली. स्पिनेकर ही संस्था मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध होती. तिचे प्रमुख डेव्हिड स्यूस यांनी ग्रंथरचनेचे कंत्राटी काम करणारे संपादक बायरन प्राइस यांच्या संस्थेशी सहकार्य करून साहित्यिक खेळांची योजना आखली. याच काळात 'विंडहॅम क्लासिक्स' ही बालकुमारांसाठीची भगिनीमुद्राही निघाली. 'ट्रेझर आयलंड', 'स्विस फॅमिली रॉबिन्सन', 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' अशा अभिजात कृती तिच्या वाट्याला आल्या.

भौतिक मर्यादा किती कठोर होत्या हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' ही १९५३ मधील कादंबरी आकाराने लहान मानली जाते. तरीही तिचे इंग्रजी शब्द सुमारे ४६ हजार, म्हणजे अंतरे धरून अडीच लाखांच्या आसपास अक्षरे भरतात. कमोडोर ६४ या संगणकाच्या फ्लॉपीच्या एका बाजूवर सुमारे १७० किलोबाइट, म्हणजे पावणेदोन लाखांहून कमी अक्षरे मावत. कादंबरीचा मजकूर जसाच्या तसा भरला, तरी तो एका बाजूवर मावला नसता. त्याच जागेत चित्रे, संगीत, आज्ञा समजून घेणारी यंत्रणा आणि पर्यायी घटनांची तरतूद हे सारे बसवावयाचे होते. टेलेरियमचे बहुतेक खेळ एकाहून अधिक फ्लॉपींवर विभागले गेले, तरीही चित्रे जितकी जागा घेत तितका शब्दांचा संकोच होई. इन्फोकॉमने चित्रांचा त्याग करून गद्याला वाव दिला होता. टेलेरियमने साहित्याच्या नावाने उभे राहून गद्याचाच वाटा कमी केला. ही विसंगती तिच्या प्रत्येक कृतीत कमीअधिक प्रमाणात जाणवते.

३

मराठी समीक्षेत भाषांतर, अनुवाद, रूपांतर आणि 'आधारित' या संज्ञांमध्ये एक सूक्ष्म श्रेणी मानली जाते. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'झुंजारराव'मध्ये 'ऑथेल्लो'तील किंवा पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मध्ये 'पिग्मॅलियन'मधील माणसे, स्थळे आणि बोली बदलतात. मूळ कृतीला नव्या भूमीत रुजवणे हा रूपांतराचा तेथील अर्थ आहे. टेलेरियमच्या कृतींत माणसांची नावे बदलत नाहीत, भाषाही बदलत नाही. बदलते ती वाचकाची जागा. कथेतील एखाद्या पात्राचे स्थान वाचकाला देऊन त्याच्यावर कृतीचे दायित्व टाकले जाते. या व्यापाराला 'भूमिकांतर' असे म्हणता येईल. रूपांतराची नेहमीची कसोटी मूळ कृतीशी असलेल्या निष्ठेची असते. भूमिकांतराची कसोटी वेगळी आहे. वाचकाला मिळालेल्या नव्या स्थानावरून मूळ कृतीचा अर्थ अधिक उलगडतो की आकुंचित होतो, हे तेथे पाहावे लागते.

भूमिकांतराचे पहिले साधन म्हणजे निवेदनातील द्वितीय पुरुष. तृतीय पुरुषी 'माँटॅग' खेळात 'यू' होतो. इंग्रजीतील हे सर्वनाम लिंग, वचन आणि आदर यांपैकी कशाचीच सूचना देत नाही. म्हणूनच खेळणारी व्यक्ती कोणीही असो, त्या सर्वनामात तिला सहज शिरता येते. मराठीत हे इतके सोपे नाही. 'तू उद्यानात उभा आहेस' आणि 'तू उद्यानात उभी आहेस' यांतून एकाची निवड करावीच लागते. 'तुम्ही' म्हटले तरी 'उभे' की 'उभ्या' हा प्रश्न सुटत नाही, शिवाय एक औपचारिक अंतर निर्माण होते ते वेगळेच. वाचकाला कथेत ओढून घेण्याची या वाङ्मयप्रकाराची जी सर्वमान्य रीत समजली जाते, ती इंग्रजी व्याकरणाच्या एका सोयीवर उभी आहे. तौलनिक अभ्यासाने ही गोष्ट दृष्टीआड करू नये. माध्यमाचे म्हणून जे गुणधर्म सांगितले जातात, त्यांतील काही प्रत्यक्षात एका भाषेचे गुणधर्म असतात.

४

टेलेरियमच्या कृतींपैकी सर्वाधिक महत्त्वाची कृती 'फॅरनहाइट ४५१' हीच आहे. लेन न्यूफेल्ड आणि बायरन प्राइस यांनी रचलेल्या या खेळासाठी ब्रॅडबरी यांनी स्वतः प्रास्ताविक मजकूर लिहिला. खेळ कादंबरीची पुनरावृत्ती करीत नाही. कादंबरी जिथे संपते त्यानंतरच्या काळात तो सुरू होतो. पुस्तके जाळणाऱ्या अग्निशमन दलातून फुटलेला माँटॅग न्यूयॉर्क शहरात येतो, ग्रंथरक्षकांच्या गुप्त जाळ्याशी संपर्क साधतो आणि बेचाळिसाव्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करतो. वर उल्लेखिलेला पेच उत्तरकथेच्या या युक्तीने बऱ्याच अंशी सुटतो. मूळ कादंबरीचे ज्ञान असलेल्या वाचकाला जगाची ओळख असते, परंतु पुढील घटना त्याला ठाऊक नसतात. त्याचे वाचन निरुपयोगी ठरत नाही आणि कोडेही शिल्लक राहते.

या खेळातील एक योजना विशेष विचार करण्यासारखी आहे. गुप्त जाळ्यातील माणसे एकमेकांना साहित्यातील अवतरणांनी ओळखतात. योग्य व्यक्तीसमोर योग्य वाक्य उच्चारले की दार उघडते. कादंबरीच्या अखेरीस जी माणसे एकेक ग्रंथ स्मरणात साठवून जगतात, त्यांचाच हा विस्तार आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. अधिक बारकाईने पाहता मात्र एक तफावत लक्षात येते. कादंबरीतील स्मरण हे ग्रंथाच्या समग्रतेचे स्मरण आहे. माणूस आणि पुस्तक यांचे तादात्म्य तेथे अभिप्रेत आहे. खेळात अवतरण हे किल्लीचे काम करते. त्याचा अर्थ कळणे सामान्यतः आवश्यक नसते, ते योग्य ठिकाणी टंकित करणे पुरेसे ठरते. पुस्तके संक्षेपांत आणि सारांशांत विरघळत गेल्यामुळे समाज त्यांना मुकला, असे ब्रॅडबरींचा कॅप्टन बीटी सांगतो. त्या कादंबरीवरील खेळ साहित्याला सुट्या वाक्यांच्या रूपात वापरतो, हा विरोधाभास किरकोळ म्हणता येणार नाही.

तरीही या योजनेचा पूर्ण निषेध करणे अन्यायाचे होईल. दडपणाखालील समाजात साहित्याचे वाक्य अर्थाच्या आधी ओळखखूण म्हणून वावरते, हे अनेक वाङ्मयीन परंपरांत दिसते. 'हा आपल्यापैकी आहे' हे सांगण्याचे सामर्थ्य अवतरणात असते आणि ते त्याच्या अर्थाइतकेच खरे असते. खेळाला हे सामर्थ्य उमगले आहे. त्याला जे साधले नाही ते असे की, वाक्याच्या अर्थावर खेळणाऱ्याचा निर्णय अवलंबून राहील अशी एकही निर्णायक जागा त्यात ठसत नाही. साहित्याची साक्षरता येथे कथेचा विषय होते, खेळण्याची रीत होत नाही. उपलब्ध तंत्राने हे अशक्य केले होते असे म्हणणे सोयीचे आहे. परंतु दोन अवतरणांतून प्रसंगाला साजेसे एक निवडण्याची सक्ती करणे त्या काळच्या यंत्रालाही जड गेले नसते. ही उणीव कल्पनेची आहे.

५

'फॅरनहाइट ४५१'मधील आणखी एक बदल या मुद्रेच्या एका मोठ्या प्रवृत्तीकडे बोट दाखवतो. कादंबरीत क्लॅरिस ही तरुणी आरंभीच्या काही प्रसंगांनंतर नाहीशी होते आणि ती मरण पावल्याचे ऐकीव वृत्त तेवढे कळते. फ्रांस्वा त्रुफो यांनी १९६६ च्या चित्रपटात तिला जिवंत ठेवून ग्रंथमानवांत नेले. पुढे ब्रॅडबरी यांनीही आपल्या नाट्यरूपांतरात तिला वाचवले आणि वाचकांच्या नाराजीचा दाखला देऊन त्यामागची भावना सांगितली. खेळातही क्लॅरिस जिवंत आहे. कादंबरी, चित्रपट, नाटक आणि खेळ अशी ही मालिका मांडली, तर मूळ संहितेतील एका रिकाम्या जागेवर सुमारे तीन दशके काम होत राहिल्याचे दिसते.

भगिनीमुद्रा विंडहॅम क्लासिक्सच्या 'बिलो द रूट' या १९८४ मधील खेळाची कहाणी याहून बोलकी आहे. झिल्फा कीटली स्नायडर यांची 'ग्रीन-स्काय' ही बालकुमारांसाठीची कादंबरीत्रयी १९७५ ते १९७७ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरच्या 'अँटिल द सेलिब्रेशन' या खंडात रामो हा तरुण नायक मृत्युमुखी पडतो. बालवाचकांना हा शेवट सहन झाला नाही आणि लेखिकेलाही आपण हे करावयास नको होते असे वाटू लागले. डेल डिशरून यांनी रचलेल्या खेळात त्यांनी सहभाग घेतला तो याच भावनेतून. खेळ त्रयीच्या पुढचा भाग आहे आणि हरवलेल्या रामोचा शोध हे त्याचे सूत्र आहे. खेळणाऱ्याला मुलगे, मुली आणि प्रौढ अशा पाच पात्रांतून एकाची निवड करता येते. वृक्षांवर वसलेल्या अहिंसक समाजाचे मूल्य नियमांतही उतरले आहे. कोणाची हत्या केली तर पात्राचे आत्मिक सामर्थ्य घटते आणि उद्दिष्ट दुरावते. कादंबरीचा आशय येथे वर्णनातून सांगितलेला नाही, कृतीच्या परिणामांतून जाणवून दिला आहे. टेलेरियमच्या शब्दबहुल खेळांना जे जमले नाही, ते थोडेच शब्द वापरणाऱ्या या कृतीला जमले, ही गोष्ट मननीय आहे.

वाचकांच्या आग्रहाने मेलेले पात्र परत येणे नवे नाही. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारले आणि १९०३ मध्ये परत आणले. परंतु डॉइल यांनी ते त्याच माध्यमात, लेखकाच्या अधिकाराने केले. स्नायडर यांनी ते वाचकांच्या हाती सोपवले. रामो मेला याचे दुःख ज्या मुलांना झाले, त्यांनाच त्याला शोधून काढण्याची संधी मिळाली. ज्याला प्रयत्न साधला नाही, त्याच्यासाठी रामो सापडलेला नाही. छापील संहितेतील मृत्यू आणि खेळातील पुनरागमन या दोहोंत कोणते प्रमाण मानावे, हा संहितानिश्चितीचा प्रश्न येथे नव्याने उभा राहतो. लेखकाची अंतिम इच्छा हा पाठचिकित्सेतील जुना निकष लावला तर खेळ प्रमाण ठरतो. परंतु खेळाला मुळी एकच पाठ नाही. लेखिकेचे पुनर्विचारित मत अशा माध्यमात नोंदले गेले आहे, की ज्यात मताची पूर्तता दुसऱ्या कोणाच्या कृतीवाचून होत नाही.

६

उत्तरकथेचा मार्ग न स्वीकारता मूळ कथानकाशी जवळीक राखणाऱ्या कृतींत अडचणी अधिक उघड होतात. आर्थर सी. क्लार्क यांची 'राँदेव्हू विथ रामा' ही १९७३ मधील कादंबरी परग्रहीय यानाच्या शोधाची कथा आहे. वाचकाला वाटणाऱ्या विस्मयाचे मूळ तिच्यात उत्तरे न मिळण्यात आहे. रामा सूर्यमालेत येते, माणसे त्याच्या पोकळीत हिंडतात आणि त्याच्या निर्मात्यांविषयी जवळजवळ काहीही न कळता ते निघून जाते. खेळात वाचक 'एंडेव्हर' यानाचा प्रमुख होतो. प्रथमदर्शनी हे भूमिकांतर आदर्श वाटते, कारण अज्ञात अवकाशात हिंडणे हे या वाङ्मयप्रकाराचे मूळच आहे. परंतु खेळाला सुटतील अशी कोडी हवी असतात. कोडे सुटले की त्या वस्तूचे प्रयोजन कळते आणि प्रयोजन कळले की ती गूढ राहत नाही. जे विश्व माणसाच्या उपयोगासाठी नाही हे क्लार्क यांना सांगावयाचे होते, ते खेळात पावलोपावली उपयोगी पडू लागते. शोधाचे बाह्यरूप टिकते, विस्मयाचे तत्त्व लोपते.

रॉजर झेलॅझ्नी यांच्या 'नाइन प्रिन्सेस इन अँबर' या १९७० मधील कादंबरीवर आणि तिच्या पुढच्या भागावर आधारलेला १९८५ चा खेळ याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. कादंबरीचा निवेदक कॉर्विन स्मृती हरवलेल्या अवस्थेत जागा होतो. खेळाच्या दृष्टीने ही रचना सोयीची आहे, कारण नायकाचे अज्ञान आणि खेळणाऱ्याचे अज्ञान एकरूप होतात. पण हे एकरूपत्व पुस्तक न वाचलेल्यालाच लाभते. वाचलेल्याला अज्ञानाचे सोंग करावे लागते. हा दोष ओळखूनच बहुधा खेळाने भावंडांशी करावयाच्या वाटाघाटींवर भर दिला आणि अनेक भिन्न शेवट ठेवले. कारस्थानांच्या राजघराण्यात विश्वास कोणावर ठेवावा हा प्रश्न कादंबरी वाचूनही पूर्णपणे सुटत नाही, आणि तेथे पुनर्वाचनाला पुन्हा धार येते.

अर्ल स्टॅनली गार्डनर यांच्या पेरी मेसनवरील 'द केस ऑफ द मँडरिन मर्डर' या १९८५ च्या खेळाने तिसरा मार्ग स्वीकारला. गार्डनर १९७० मध्ये निवर्तले होते आणि हे कथानक नव्याने रचलेले होते. येथे एखाद्या पुस्तकाचे रूपांतर नसून एका शैलीचे आणि न्यायालयीन विधीचे रूपांतर आहे. साक्षीदाराला नेमका प्रश्न विचारणे, योग्य क्षणी हरकत घेणे, डेला स्ट्रीट आणि पॉल ड्रेक यांच्याकडून माहिती मिळवणे या सर्व भाषिक कृती आहेत. शब्द टंकित करून खेळावयाच्या प्रकाराला भाषिक कृतीइतके अनुरूप दुसरे काय असणार? गुहेत दिवा उचलण्याची आज्ञा आणि न्यायालयात प्रश्न विचारणे यांत मोठा फरक आहे. पहिलीत शब्द कृतीच्या जागी येतो, दुसऱ्यात शब्द हीच कृती असते. आज्ञा समजून घेणारी यंत्रणा इन्फोकॉमच्या तुलनेत तोकडी असल्याने ही शक्यता पूर्णत्वाला गेली नाही. तथापि दिशा अचूक होती.

१९३१ मध्ये डॉरथी सेयर्स, अगाथा ख्रिस्ती आदी सहा लेखकांनी ब्रिटिश नभोवाणीसाठी साखळी पद्धतीने सादर केलेल्या 'द स्कूप' या रहस्यकथेवरचा खेळ १९८९ मध्ये निघाला, तेव्हा मुद्रा अस्तंगत झाली होती. अनेक हातांनी रचलेली, कानांनी ऐकली गेलेली कथा अनेक वाटांच्या खेळाकडे यावी, ही योजना औचित्यपूर्ण होती एवढे नमूद करणे पुरे.

७

लेखकत्वाच्या प्रश्नावर दोन कृती विशेष प्रकाश टाकतात. मायकेल क्रायटन यांना आपल्या 'काँगो' या १९८० मधील कादंबरीवर खेळ करावयाचा होता. परंतु त्या कादंबरीचे रूपांतराचे हक्क त्यांनी आधीच विकलेले होते. परिणामी आफ्रिकेचे अरण्य दक्षिण अमेरिकेत गेले, बोलणाऱ्या गोरिला मादीच्या जागी पाको नावाचा पोपट आला आणि खेळ 'अ‍ॅमेझॉन' या नावाने १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकाला स्वतःच्याच कथेकडे परतण्यासाठी वेषांतर करावे लागावे, ही घटना लेखकत्व आणि स्वामित्व यांतील भेद उघड करते. रूपांतराच्या सिद्धांतात मूळ कृतीपासून दूर जाण्याची कारणे सौंदर्यशास्त्रात शोधली जातात. येथे ती करारपत्रात आहेत.

'शॅडोकीप'ची दिशा याच्या उलट आहे. तो मुळात खेळच होता. त्यावरून अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी त्याच वर्षी कादंबरी लिहिली आणि संगणकीय खेळावरून लिहिल्या गेलेल्या आरंभीच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. साहित्याला पडद्यावर नेण्यासाठी निघालेल्या मुद्रेने आपल्या पहिल्याच वर्षी पडद्यावरून छपाईकडे जाणारी वाट खुली केली. व्यापाराच्या दृष्टीने पुढील काळात हीच वाट अधिक वर्दळीची ठरली. परस्परक्रियात्मक कृतीला छापील रूप देताना अनेक शक्यतांतून एक निवडावी लागते. भूमिकांतराच्या उलट दिशेचा हा व्यापार वाचकाला पुन्हा प्रेक्षकस्थानी नेऊन बसवतो.

८

टेलेरियमचे कार्य थांबले त्यामागे घरगुती संगणकांच्या बाजाराला १९८० च्या दशकाच्या मध्यावर आलेली मंदी, हक्कांचा खर्च, अनेक संगणकांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या काढण्याचा भार आणि स्पिनेकरचे बदललेले धोरण ही कारणे होती. इन्फोकॉमसारखी समर्थ संस्थादेखील १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनच्या ताब्यात गेली. स्पिनेकर स्वतः १९९४ मध्ये विलीनीकरणात लोपली. टॉमस डिश यांनी लिहिलेला 'अ‍ॅम्नेशिया' हा १९८६ चा खेळ दुसऱ्या संस्थेने काढला, तेव्हाही लिहिलेल्या मजकुराचा काही भाग फ्लॉपीत न मावल्यामुळे गाळावा लागला होता. लेखकांनी मोठ्या उत्साहाने या माध्यमात प्रवेश केला आणि माध्यमाने त्यांच्यासाठी जागा केली नाही, असे या संपूर्ण प्रकरणाचे सार सांगता येईल.

या अनुभवाचे वाङ्मयीन निष्कर्ष मात्र टिकाऊ आहेत. ज्या कृतींनी मूळ पुस्तकातील घटनाक्रम कोड्यांत बसवला, त्यांत पुस्तकही उणे झाले आणि खेळही. ज्या कृतींनी मूळ पुस्तकातील एखादी रिकामी जागा, एखादी अपुरी इच्छा किंवा एखादा भाषिक विधी निवडला, त्यांत वाचकाच्या सहभागाला कारण मिळाले. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये, ज्या संहितांतून वाट काढण्यासाठी वाचकाला खरेखुरे श्रम करावे लागतात, त्यांचा वेगळा वर्ग कल्पिला. टेलेरियमच्या उदाहरणावरून त्यात एवढी भर घालता येते की, श्रम असणे पुरेसे नाही. ते श्रम कथेच्या अर्थाशी जोडलेले असावे लागतात. रामोला शोधण्याचे श्रम तसे आहेत. अवतरण योग्य दारासमोर टंकित करण्याचे श्रम तसे होता होता राहिले.

शेवटी या कृतींच्या अस्तित्वाचा प्रश्न उरतो. चुंबकीय फ्लॉपी हे अल्पायुषी साधन आहे. त्या वाचणारी यंत्रे वापरातून गेली आहेत आणि प्रत काढू न देणारी संरक्षणव्यवस्था फ्लॉपींवर मुद्दाम घातलेली असे. या खेळांचा आज जो काही अभ्यास करता येतो, तो हौशी संग्राहकांनी संरक्षण मोडून काढलेल्या प्रती आणि जुन्या यंत्रांचे अनुकरण करणारे इम्युलेटर यांच्या बळावर. हक्कधारकांच्या परवानगीचा प्रश्न बहुतेक वेळा अनिर्णितच राहिला आहे. ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांनी ज्यांना ग्रंथ मानले नाही, त्या कृती खासगी व्यक्तींनी घरात सांभाळल्या. कमोडोर आणि अ‍ॅपल या संगणकांवरील आवृत्त्यांत चित्रांचे आणि ध्वनीचे भेद आहेत. त्यांची तुलना करून पाठभेद नोंदवण्याचे, मुद्रित पुस्तिकांसह त्यांची सूची करण्याचे काम पाठचिकित्सेची शिस्त असलेल्या अभ्यासकांनीच करावयाचे आहे. पुस्तके वाचवण्याच्या कथेवर बेतलेला खेळ वाचवण्याची जबाबदारी साहित्याच्या अभ्यासशाखेने अद्याप आपली मानलेली नाही. ती मानणे हे केवळ संग्रहालयाचे काम नव्हे. वाचक कथेत शिरतो तेव्हा साहित्याचे काय होते, या प्रश्नाचे पहिले लेखी पुरावे त्या फ्लॉपींवर आहेत.